मिनिटभराची शांतता

मुलाखत उत्तम झाली होती. राहिली होती ती फक्त शांतता, आणि ठकीच्या आईच्या घरात नेमकी तीच वस्तू कधी शिल्लक नसे.

ठकीची आई विद्यापीठात संज्ञापन आणि पत्रकारिता शिकत होती. ठकीच्या जन्मापायी मध्येच सोडलेला अभ्यासक्रम तिनं पुन्हा धरला होता आणि ओढत ओढत शेवटच्या सत्रापर्यंत आणला होता. वर्गातली पोरं तिला ‘ठकीची आई’ म्हणूनच हाक मारत, आणि तीही बिनतक्रार ओ देई. आता उरलं होतं एकच काम, रेडिओसाठी एक मुलाखत. ती आज संध्याकाळी पाचच्या आत विभागात पोचली तर पदवी. नाही पोचली तर वाढवून दिलेली मुदत संपली आणि नाव पटावरून गेलं. कार्यालयानं हे तिला लेखी कळवलं होतं, तोंडी सांगितलं होतं आणि जिन्यात भेटली तेव्हा पुन्हा एकदा आठवण करून दिली होती.

मुलाखत तिनं सासूबाईंची घेतली होती. सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. गावाला गाव जोडून दिलं, आणि कुणी कुणाला काय सांगितलं ते पोटात ठेवलं. मायक्रोफोन पुढे आल्यावर तो जुना आवाज असा काही लागला, की ठकीच्या आईला क्षणभर आपणच चुकून ‘ट्रंक कॉल’ लावलाय असं वाटलं.

पण आवाजाचं शास्त्र शिकवणाऱ्या सरांचा एक नियम होता. पोरांनी त्यांचं नाव ‘कानवाले सर’ ठेवलं होतं, कारण हेडफोन त्यांच्या गळ्यात नसला तर कानावर असे. “सगळ्या खोल्या गप्प बसतात,” ते सांगत, “पण सारख्या गप्प बसत नाहीत. मुलाखत ज्या खोलीत घेतली, त्याच खोलीची मिनिटभर शांतता मुद्रित करून आणायची. वाक्यं कापून जोडली की सांध्यांत ती भरायची. नाहीतर ऐकणाऱ्याला सांध्यासांध्यावर ठेच लागते.” शांततेशिवाय आलेलं काम ते ऐकतसुद्धा नसत.

मुलाखतीच्या दिवशी शेवटचा प्रश्न संपता संपता ठकी उठली आणि तिला घ्यायच्या गडबडीत शांतता राहून गेली. ते लक्षात आलं आज, जेवणं झाल्यावर, जोडणी करताना. पण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. घर होतं, खोली तीच होती, ठकी आतल्या खोलीत झोपली होती. एका मिनिटाचा तर प्रश्न.

तिनं मुद्रणयंत्र टेबलावर मांडलं, हेडफोन घातला आणि पहिल्यांदाच आपलं घर ऐकलं. फ्रिज घुंघुं करत होता. तो बंद केला. मग भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. ते उतरवून गोधडीत गुंडाळून कपाटात टाकलं. मग जमिनीखालून धडधड आली. खालच्या मजल्यावरच्या काकू कपडे शिवत, आणि त्यांचं मशीन एकदा सुटलं की कुणाच्या बापाला आवरत नसे. मशीन थांबलं तेव्हा डोक्यावरून सपकसपक सपाता गेल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर जेवण पचवायला येरझाऱ्या घालत होते.

“आई, तुम्ही जरा दोन्हीकडे फोन करता का? थोडा वेळ शांत राहा म्हणावं.”

सासूबाईंची पाठ ताठ झाली. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि आवाज बदलला.

“खालच्या मजल्यासाठी निरोप आहे. आमच्याकडे शांतता हवी आहे. पुढचा निरोप येईपर्यंत मशीन बंद ठेवावं.” मग पलीकडचं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “कारण सांगता येत नाही.” आणि रिसीव्हर ठेवला. वरच्या मजल्यालाही शब्दाला शब्द तोच निरोप गेला.

“अहो आई, कारण सांगायचं ना. अभ्यासाचं काम आहे म्हणायचं.”

“निरोपाबरोबर कारण द्यायचं नसतं. कारण दिलं की समोरचा त्याच्यावर आपलं मत देतो, आणि लाइन अडून राहते.”

वाद घालायला वेळ नव्हता, आणि निरोप लागूही पडला होता. खाली मशीन थांबलं, वर सपाता थांबल्या. ठकीच्या आईनं बटण दाबलं. आकडे सरकू लागले. घर इतकं गप्प झालं, की तिला ठकी ऐकू येईनाशी झाली.

आता झोपलेलं मूल ऐकू येत नाही, ही जगातल्या कुठल्याही घरात चांगली गोष्ट. पण ठकीच्या आईचं काळीज निराळ्या घडणीचं होतं. ठकी रडली की तिला कळायचं, ठकी रडतेय. ठकी गप्प असली की तिला काय काय कळायचं याला सुमार नव्हता. श्वास चालू असेल ना? पांघरूण तोंडावर तर गेलं नसेल? उशी? अर्ध्या मिनिटाला तिनं खुर्ची सरकवली आणि आत धावली. ठकी तोंड उघडं टाकून, पाय पसरून, राजासारखी झोपली होती. मुद्रणात खुर्चीचा कर्कश आवाज आणि धावती पावलं.

दुसऱ्या खेपेला तिनं मनाला बजावलं, की ठकी झोपली आहे, आत्ताच पाहून आलीस, बस जाग्यावर. मन बसलं. अर्ध्या मिनिटानंतर तेच मन म्हणालं, पण आता उठली असेल तर? उठून गप्प असेल तर? ती पुन्हा धावली, आणि या खेपेला मन बरोबर होतं. ठकी उठली होती, आणि बाबांच्या ऑफिसच्या दुसऱ्या जोडातल्या बुटाला आतून टूथपेस्ट लावत होती. तल्लीन होऊन, एकही कोपरा न सोडता.

बूट काढून घेतल्यावर ठकीनं जो सूर लावला, तो हेडफोनशिवायही दोन्ही मजल्यांना पोचला. सासूबाईंनी तिला उचलून खिडकीशी नेलं, रस्त्यावरचं कुत्रं दाखवलं, आणि सूर मध्येच तोडल्यासारखा बंद झाला.

हे सगळं खाली बसून ऐकलं तर कसं ऐकू येईल, याचा विचार ठकीच्या आईनं केला नव्हता. काकूंनी मात्र ऐकलं होतं. आधी शांत राहा असा निरोप, तोही कारण सांगता येत नाही म्हणून. मग धावपळ. मग पुन्हा धावपळ. मग पोरीची किंकाळी, आणि एकदम काही नाही. काकूंच्या हातातली बाही खाली पडली. त्या जिन्यात आल्या, तर वरून हेडमास्तर उतरत होते. सपाता त्यांनी हातात घेतल्या होत्या.

“तुम्हालाही फोन आला?” काकू कुजबुजल्या.

“आला. कारण सांगता येत नाही म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा.”

“माणूस फार हललं की आवाज असाच होतो हो.”

हेडमास्तर जबाबदारीचा माणूस. शाळेत काही झालं की आधी पालकांना आणि मग वरच्या कार्यालयाला कळवायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. त्यांनी ठकीच्या बाबांना ऑफिसात फोन केला, “घाबरू नका, पण घरी या.” यानंतर न घाबरणारा बाप अजून जन्माला यायचा आहे. मग विद्यापीठात पत्रकारितेच्या विभागाला फोन करून सांगितलं, की तुमच्या विद्यार्थिनीच्या घरी अडचण उद्भवली आहे, समजून घ्यावं. ठकीच्या बाबांनी बायकोला फोन लावून पाहिला, तर तो बंद. मुद्रणाच्या वेळी फोन बंद ठेवायचा हा कानवाल्या सरांचा दुसरा नियम होता, आणि घरच्या फोनचा रिसीव्हरही तिनं म्हणूनच काढून ठेवला होता.

इकडे ठकीची आई तिसऱ्या प्रयत्नाला बसली होती. या खेपेला तिनं ठकीला सासूबाईंच्या कडेवर दिलं, “दाराशी उभ्या राहा, हिच्या हातात काहीतरी द्या, आणि कुणी आलं तर बोलू देऊ नका,” असं सांगितलं, भिंतीकडे तोंड केलं, हेडफोन घातला आणि डोळे मिटले. मागे काहीतरी सळसळत होतं. पडदा असेल म्हणून ती थांबून राहिली.

तो पडदा नव्हता. काकू आल्या, सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मानेनंच आत या म्हटलं. काकूंनी चपला बाहेर काढल्या. हेडमास्तर आले, ठकीनं त्यांच्या चष्म्याची दोरी धरली म्हणून तिला त्यांच्याच खांद्यावर दिली. काकूंकडे माप द्यायला आलेल्या दोघी बायका आल्या. जिन्यातून जाताना दार उघडं दिसलं म्हणून समोरच्या घरातलं अख्खं कुटुंब आलं. प्रत्येकाला सासूबाईंनी बोट दाखवलं, आणि प्रत्येकानं भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसलेली ती तरुण आई पाहिली. कुणालाही काही विचारायची गरज वाटली नाही. सगळे हात जुळवून उभे राहिले.

सळसळ थांबली. ठकीच्या आईनं बटण दाबलं.

अशी शांतता तिनं जन्मात ऐकली नव्हती. दाट, मऊ, भरलेली. ठकीचा विचार मनात आला आणि, कसं कोण जाणे, तसाच निघून गेला. मिनिट भरलं. तिनं बटण बंद केलं, समाधानानं डोळे उघडले, मागे वळली, आणि घरभर माणसं पाहून तिची बोबडी वळली.

दारात नवरा उभा होता. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, कपाळावर घाम. त्यानं हेडमास्तरांच्या खांद्यावरची ठकी पाहिली, दाराशी उभी असलेली आई पाहिली, समोर उभी बायको पाहिली. माणसं सगळी जागच्या जागी होती आणि तरी लोक जमले होते. त्याला संगती लागेना.

“कोण गेलं?” त्यानं शेवटी विचारलं.

“कुठं?” ठकीची आई म्हणाली.

उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाल्यावर काकू धप्पदिशी खुर्चीत बसल्या. “म्हणजे मशीन थांबवून मी शांततेसाठी उभी होते? नुसत्या शांततेसाठी? अगं बये, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.”

“मलाही,” माप द्यायला आलेली बाई म्हणाली, “आणि मी तर तुम्हाला ओळखतही नाही.”

“पण मिळाली का?” हेडमास्तरांनी विचारलं.

“मिळाली. फार छान मिळाली.”

हे ऐकून सगळ्यांचा राग गेला. आपण मिळून काहीतरी केलं, आणि ते छान झालं, अशी हवा खोलीत पसरली. मग ते ऐकायला हवंच. हेडफोन एकच. काकूंनी ऐकलं, “अगदी स्वच्छ आहे हो,” म्हणाल्या. समोरच्या कुटुंबातल्या एकेकानं ऐकलं. प्रत्येकाला आपण त्यात कुठं आहोत ते शोधायचं होतं. हेडमास्तर तर मध्ये काढायलाच तयार नव्हते. “पूर्ण ऐकल्याशिवाय मत देऊ नये,” म्हणून त्यांनी दोनदा ऐकलं. कुणाचं मन मोडायचं कसं? आणि कपाटात, गोधडीतलं घड्याळ कुणालाच दिसत नव्हतं.

ठकीची आई विभागात धापा टाकत पोचली तेव्हा पाच केव्हाच वाजून गेले होते. कार्यालयाला कुलूप होतं. ध्वनिकक्षात मात्र दिवा होता, आणि कानवाले सर हेडफोन गळ्यात घालून, कधी नव्हे ते उठून उभे राहिले.

“या. बसा. पाणी घ्या आधी.” त्यांचा आवाज इतका मऊ होता, की तिला धास्तीच वाटली. “तुमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा फोन आला होता. तुम्ही आज यायला नको होतं.”

“सर, ते तसं...”

“राहू दे. बोलू नका.” त्यांनी तिचं काम लावलं, थेट शांततेपासून. डोळे मिटून ऐकलं. मिनिट संपल्यावर हेडफोन हळूच काढला. त्यांचे डोळे ओलावले होते. “केवढी माणसं जमली आहेत घरात. आणि एक शब्द नाही. कुणीतरी मधूनच हुंदका गिळतंय. हे ऐकल्यावर मला आणखी काय सांगायचं? काम वेळेत आलं असं लिहितो मी. तुम्ही घरी जा.”

ठकीच्या आईपुढे पदवी ठेवली होती, आणि ती घ्यायला तोंड उघडायचीही गरज नव्हती, नुसतं खाली मान घालून निघायचं होतं. पण आपल्या गप्प राहण्यानं वाढलेली खोटी बातमी ही आपलीच बातमी, असं याच माणसानं याच खोलीत शिकवलं होतं.

“सर, घरी काही झालेलं नाही. सगळे ठणठणीत आहेत. मला उशीर झाला, एवढंच खरं आहे.”

सरांनी मायेनं पाहिलं. “पहिल्यांदा असंच वाटतं. काही झालेलंच नाही असं.”

“नाही सर, खरंच.”

“मग दुसरं सूत्र?” सर सवयीनं म्हणाले. एकाच्या सांगण्यावर ते स्वतःचं नावसुद्धा खरं धरत नसत. त्यांनी तिच्या घरी फोन लावला आणि अदबीनं विचारलं, “आपल्या घरी सगळं कुशल आहे ना?”

पलीकडून सासूबाईंचा एक्स्चेंजमधला आवाज तिलाही स्पष्ट ऐकू आला. “या घरातल्या कुणाचीही माहिती फोनवर दिली जात नाही. निरोप असल्यास सांगावा.”

सरांनी दुःखानं मान हलवली. खरं सांगूनही ते कुणाला पटत नाही, यावर ठकीच्या आईनं पहिल्या सत्रात मोठा निबंध लिहिला होता आणि त्यात चांगले गुण मिळवले होते. आता ते गुण परत द्यावेत असं तिला वाटलं.

तेवढ्यात फोनमधून असा आवाज आला, की सरांनी तो कानापासून हातभर लांब धरला. ठकीला टूथपेस्ट नाकारली गेली असावी.

“हे कोण?”

“माझी मुलगी.”

सरांनी पुन्हा जरा जवळ नेऊन ऐकलं, जाणकारानं गाणं ऐकावं तसं. “फुप्फुसं उत्तम आहेत,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. मग चेहऱ्यावरची माया काढून नेहमीचा चेहरा लावला. “मग उशीर का झाला?”

“सगळ्यांना शांतता ऐकायची होती, सर.”

तिनं सारं सांगितलं. फ्रिज, घड्याळ, निरोप, बूट, हात जुळवून उभी असलेली माणसं. सर गंभीरपणे ऐकत होते, फक्त हुंदक्यापाशी त्यांनी थांबवलं. “तो हुंदका मग कुणाचा?”

“हेडमास्तरांचा असेल. नाही तर त्यांची सर्दी असेल.”

सरांनी खिडकीकडे तोंड केलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. खांदे मात्र हलत होते. वळले तेव्हा म्हणाले, “ही शांतता चालणार नाही. मुलाखतीच्या खोलीत दोन माणसं आहेत. इथं सभा भरली आहे. सांध्यात घातली तर तुमच्या सासूबाई मध्येच भाषणाला उभ्या राहिल्यासारख्या वाटतील.”

“म्हणजे नाव गेलं.”

“उद्या सकाळी पहिल्या तासाच्या आत आणा. कार्यालयाला मी सांगेन, काम माझ्यापाशी थांबलं होतं म्हणून. खोटं नाही त्यात. मी थांबलोच होतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खालचं मशीन आणि वरच्या सपाता कुणी न सांगताच बंद होत्या. ठकीचे बाबा एकदाच पायरीवर बसले, बुटातून पाय काढून पुसला आणि ऑफिसला गेले. सासूबाई जिन्यात उभ्या राहिल्या, बोट ओठांवर ठेवून. अडचण उरली ठकीची. कालच्या गर्दीनंतर ती आईचा पाय सोडायला तयार नव्हती. दूर केलं की ओठ काढायची, जवळ घेतलं की बटणं दाबायची.

ठकीच्या आईला काही सुचेना. म्हणून तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि आपला हेडफोन तिच्या कानांवर चढवला.

ठकी थांबली. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं. त्या मोठ्या काळ्या वाट्यांतून तिला काहीतरी ऐकू येत होतं, जे यापूर्वी कुणी तिला ऐकवलंच नव्हतं. तिनं डोळे मोठे केले आणि हलायची बंद झाली. ठकीच्या आईनं बटण दाबलं. ठकी गप्प होती, आणि डोळ्यांसमोर होती. पोटाशी तिचा श्वास लागत होता. कुठं धावायचं नव्हतं. आकडे सरकत राहिले, आणि मिनिट भरल्यावरही ठकीच्या आईनं ते लगेच थांबवलं नाही.

सरांनी काम पूर्ण ऐकलं, सांध्यांसकट. “जुळली,” ते म्हणाले. “दोघीच आहात. एकच गंमत आहे. बोलताना सासूबाईंचं वय कळतं, पण गप्प बसल्या की त्या फारच तरुण होतात. श्वास अगदी कोवळा आहे. नियमानं राहतात वाटतं?”

ती घरी पोचली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या.

“काय म्हणाले?”

“पास. आणि म्हणाले, तुमचा श्वास फार तरुण आहे.”

सासूबाईंनी पदर सारखा केला. ठकीकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, कळायचं ते नोकरीभर कळतच आलं होतं.

“मग तू काय म्हणालीस?”

“मी गप्प बसले.”

“शिकलीस हो,” सासूबाई म्हणाल्या.